अडीच इंच

अण्णांचा कॅमेरा दोन डोळ्यांचा होता.
बॅलार्ड पियरवर एका रशियन खलाशाकडून
पासष्ट साली घेतलेला; किती रुपयांना,
ते त्यांनी आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

एका दाबात दोन फोटो.
जुळे, पण अगदी सारखे नव्हेत,
मधे अडीच इंचांचं अंतर,
माणसाच्या दोन बुबुळांमधे असतं तेवढंच.

रविवारी जेवणं झाली की
माझगावच्या खोलीत लाकडी दुर्बीण फिरायची.
"नाक इथे टेकव. डोळे सैल सोड. आता थांब."
थांबलं की
दोरीवरचं धोतर भिंतीपासून सुटं व्हायचं,
आईचा पोळपाटावरचा हात
आपल्या हनुवटीपर्यंत यायचा.
शेजारच्या डिमेलोकाकू दर वेळी
बोट पुढे करून बघायच्या, पीठ लागतंय का.

अण्णा गेले, पाठोपाठ आई. वाटण्या झाल्या.
केशवमामा न्यायी माणूस.
भांडी मोजली, पागडीचे पैसे मोजले,
मग पुठ्ठ्यांचा खोका उघडून म्हणाला,
"सगळे दोन-दोनच आहेत की! भांडण नको."
आणि आईचीच शिवणाची कात्री घेऊन
एकशे चौदा पुठ्ठे
बरोब्बर मधोमध कापले.

डावे श्रीरंगाकडे गेले, उजवे माझ्याकडे.
अण्णांनी खाली शाईने नावं घातली होती, ऐसपैस अक्षरात.
तीही दुभंगली.
त्याच्याकडे "राणी", माझ्याकडे "बाग".
त्याच्याकडे "बाण", माझ्याकडे "गंगा".
त्याच्याकडे "माझ",
माझ्याकडे "गाव".

एकवीस वर्षं आम्ही बोललो नाही.
(फोटोंवरून नव्हे, पागडीवरून.)
दुर्बीण कुठे गेली ते कोणालाच आठवत नाही.
मुलुंडच्या कपाटात माझी आई सपाट,
बोरिवलीच्या कपाटात त्याची.

परवा श्रीरंगाची ऋजुता आली.
"आत्या, तुझे अर्धे दे."
चहा निवेपर्यंत तिने फोनवर सगळे टिपले,
आणि माझ्या डोळ्यांवर एक जाड चष्मा चढवला,
पोहणाऱ्यांचा असतो तसा, वजनदार.

पहिल्या खेपेला तिने उलटे जोडले.
भिंत पुढे आली,
आई भिंतीच्या आत गेली.
मी म्हटलं, अगं, बाजू बदल.
तुझा बाप डावा.

मग हनुवटीपाशी हात आला.
पीठसुद्धा.

"आता हे रॉटरडॅमला पाठवते, ठाण्याला पाठवते,
आणि थोड्या दिवसांनी तर
आत शिरून आजीभोवती फिरता येईल. बघ ना."
फिरले.
आईच्या पाठीमागे कॅमेरा कधी गेलाच नव्हता,
म्हणून पाठ यंत्राने मनाने रचलेली,
तिच्यावर लांब वेणी.
आई वेणी घालत नसे. अंबाडा, त्यावर अबोली.

"अबोली कुठली? सुरंगी,"
ऋजुताच्या फोनमधून आवाज आला.
तो मघापासून तिथेच होता.
"अबोली."
"सुरंगी."
एकवीस वर्षांनंतरचं हे आमचं पहिलं बोलणं.
ऋजुता विचारते, मग यात काय घालू?
मी म्हटलं, आता थांब.

अण्णा फक्त एका फोटोत आहेत.
बाणगंगेच्या पायरीवर, अगदी उजव्या कडेला,
कोपर वर केलेली एक सावली.
डाव्या फोटोत ती मावली नव्हती.
चष्म्यात ती धड दिसत नाही, धड जात नाही,
एक डोळा म्हणतो सावली,
दुसरा म्हणतो नुसता दगड.

श्रीरंगाला हे ठाऊकच नव्हतं.
बराच वेळ फोनवर पंख्याचा आवाज येत राहिला.
मग म्हणाला, "पाठवू नकोस. मी येतो बघायला."

मी म्हटलं, ये.
येताना "माझ" घेऊन ये.
खळ करून ठेवते.